समुद्राला दिलेली वही

पोरांनो, आणि पोरांच्या पाठीमागे बसून कान टवकारणाऱ्या थोरांनो, फार फार जुनी गोष्ट आहे. निळ्या समुद्रात एक बेट होतं. तिथे संत्र्यांच्या बागा इतक्या, की गलबत किनाऱ्याला लागायच्या आधीच फुलांचा वास यायचा आणि खलाशी वल्ही मारायचे विसरायचे. पूर्वी तिथे मुसलमान राजे होते. मग दुसऱ्या धर्माचा राजा आला. मशिदी राहिल्या, अजान राहिली. पण वाड्यात चाकरी करायची तर राजाचाच धर्म पाळावा लागे.

एकदा अरबांच्या मुलखातून एक लेखक तिथे आला. दोन वर्षं तो देशोदेशी हिंडत होता. दिसेल ते वहीत लिहायचा. गावाचं नाव, गल्लीचं नाव, माणसाचं नाव. नाव लिहिल्याशिवाय त्याला चैनच पडत नसे.

एका दुपारी बागेतल्या कारंज्यापाशी त्याला एक बाई भेटली. ती राजाच्या झग्यांवर जरीकाम करायची. त्याची अरबी बोली ऐकली आणि तिचे डोळे भरून आले.

"भाऊ, मक्का पाहिलीत?"

"पाहिली, बहिणी."

ती हळूच म्हणाली, "वाड्यात सगळे मला त्यांच्यातलीच समजतात. पण मी रोजे धरते. हातात सुई असते आणि मनात नमाज चालू असते. कळलं, तर मला जिवंत ठेवणार नाहीत."

"मग मला कशाला सांगितलंत?"

"किती वर्षं गिळून बसायचं हो? कोणाला तरी सांगावंसं वाटलं."

लेखक गहिवरला. निघताना त्याने तिचं नाव विचारून घेतलं. मुक्कामी जाऊन त्याने सगळं लिहून काढलं, तिच्या नावासकट! 'इथल्या राजाच्या माणसांना आपली लिपी कुठली वाचता येणार,' असं म्हणून निर्धास्त झाला. एवढं जग पाहिलं, पण अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे! अहो, त्या राजाने दफ्तर अरबीतच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो परत जायला निघाला, तर बंदरावर झडती होती. लेखकाच्या पुढे एक व्यापारी उभा होता. म्हाताऱ्या कारकुनाने त्याचं अरबी पत्र उघडलं आणि घडाघडा वाचून दाखवलं. तेव्हा कुठे लेखकाला आपली चूक उमगली.

"आता तुमची वही बघू."

लेखकाने वही पुढे केली आणि धक्क्याच्या कडेला मुद्दाम ठेच खाल्ली. वही समुद्रात पडली. काजळीची शाई ती, पाण्यात काळा धूर पसरावा तशी पसरली. कोणी गळ टाकून वही वर काढली, तेव्हा पानं कोरी झाली होती.

"अरेरे! किती दिवसांची मेहनत?" कारकुनाने विचारलं.

"दोन वर्षांची," लेखक म्हणाला आणि ढसाढसा रडला. ते रडणं काही सोंग नव्हतं.

घरी जाऊन त्याने आठवेल तसं पुन्हा लिहिलं. त्या बेटाबद्दल एवढंच लिहिलं, की तिथे आपली माणसं आहेत, त्यांच्यासाठी दुआ करा. मित्र म्हणाले, "कोण माणसं? नावं सांग की!" तो म्हणायचा, "आठवत नाहीत." लोक त्याला हसले. हसोत बापडे.

इकडे ती बाई म्हातारी होईपर्यंत जरीकाम करत राहिली आणि आपल्या अंथरुणावर शांतपणे गेली.

तिचं नाव काय, म्हणता? मला कसं ठाऊक असणार! त्याने ते कोणालाच सांगितलं नाही, म्हणून तर ती जगली.

तात्पर्य: जीव मुठीत धरून कोणी आपल्याला काही सांगितलं, तर ते पोटात ठेवणं हेच आपलं पहिलं काम.