राणीचा हुकूम

फार मागे, एका माळावरच्या वारुळात वाळव्या राहत. एकदा अस्वलानं पंजा मारून वारुळाला भगदाड पाडलं आणि मुंगळ्यांना आयती वाट झाली. वाळव्या आंधळ्या, पण मुंगळ्यांच्या पायांची सळसळ त्यांना जमिनीतून कळत होती. तरी सगळ्या जागीच उभ्या.

"ठकू, राणीचा हुकूम आण," त्या एका कामकरी वाळवीला म्हणाल्या. "हुकमाशिवाय माती कशी उचलायची?"

ठकू धावत राणीकडे गेली. राणी फुगून पडलेली, तिला कूसही बदलता येत नव्हती.

"अगं, मी जन्मात कुणाला हुकूम दिला नाही," राणी म्हणाली. "मी अंडी घालते. मला राणी तुम्हीच म्हणता."

"मग एवढं वारूळ कुणाच्या सांगण्यावरून बांधलं?"

"मला काय विचारतेस? बांधणारी तू."

मुंगळ्यांपेक्षा ठकूला याचीच भीती जास्त वाटली. ती परतली तेव्हा पहिला मुंगळा आत वाकला होता. घाबरून तिनं थुंकीत कालवलेला मातीचा गोळा काठावर चिकटवला. ओल्या मातीचा वास शेजारणीला लागला, तिनं त्यावर आपला गोळा ठेवला, आणि त्यावर तिसरीनं.

"राणी काय म्हणाली गं?" मागून एकीनं विचारलं.

ठकूचं तोंड मातीनं भरलेलं होतं. विचारणारीही उत्तराला थांबली नाही, कारण भोक अजून मुंगळ्याच्या डोक्याएवढं उरलं होतं.