आधी गाव, मग गुणाजी

एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा माणूस होता. पुढारी कोण व्हायचं, यावरून गावात रोज भांडणं व्हायची. शेवटी कंटाळून सगळ्यांनी गुणाजीलाच पुढारी केलं.

पहिल्याच गावजेवणात पंगत बसायच्या आधी गुणाजी जिलेबीची परात मांडीवर घेऊन बसला. त्याची आई साळूबाई लाजून अर्धी झाली.

"अरे, हौसाच्या बापाला मी सांगून बसलेय, माझा लेक लई संयमाचा आहे. त्याच्या कानावर हे गेलं तर तो पोरगी देईल का?"

"मग काय करू?"

"मन आवरायचं. काहीही असो, आधी गाव, मग आपण."

"बरं."

पुढं त्याच्याच कडब्याच्या गंजीला आग लागली. गुणाजी भरलेली बादली घेऊन शेजारी उभा. लोक धावत आले.

"पुढारी, ओता की पाणी."

"छे. आधी गाव."

लोक विहिरीवर पळाले. पाणी घेऊन येईतो गंजीची राख झाली. मग गुणाजीनं राखेवर बादली उपडी केली. म्हणाला, "आता माझी पाळी."

आईनं कपाळावर हात मारला. "अरे, जाळ दिसला की कुणाची वाट बघायची नाही. पाणी ओतून मोकळं व्हायचं."

"बरं."

लग्नाचा दिवस आला. घोड्यावरून उतरतो तोच गुणाजीला मांडवामागं जाळ दिसला. चुलीवर भाताचं पातेलं चढवलेलं. गुणाजीनं कुणाची वाट बघितली नाही. दोन घागरी ओतल्या. चूल विझली, भात कच्चा, वऱ्हाड उपाशी.

हौसाचा बाप तांबडालाल झाला. "साळूबाई, हाच का तुमचा संयम? आता एक चूक झाली की मी पोरगी घेऊन घरी."

आई गुणाजीच्या कानात म्हणाली, "बाबा माझ्या, मी पहिल्यांदा काय सांगितलं होतं तेवढंच ध्यानात धर. मन आवर."

"बरं."

अंतरपाट बाजूला झाला. हौसानं हार उचलला. गुणाजीला हार फार आवडला. हौसा तर त्याहून आवडली. त्यानं डोळे घट्ट मिटले, मन आवरलं आणि बाजूला सरकला.

हार पडला मागं उभ्या असलेल्या दगडूमामाच्या गळ्यात. मामीच्या हातातलं अक्षतांचं ताट खाली पडलं.

हौसाचा बाप लेकीचा हात धरून तरातरा निघाला. गुणाजी मागं पळत सुटला.

"सासरेबुवा, हौसाला कुठं नेताय? आत्ता कुठं मामाचं झालंय. अख्खं गाव बाकी आहे, आणि त्यानंतर मी."