रुपेरी इंजिन

"सगळं नवं घातलं, उस्ताद. मग आता राहिलं तरी काय?"

सिद्राम उघड्या बोनेटला धरून उभा होता. हात ग्रीसनं काळे, कपाळावर काळा पट्टा.

दस्तगीर उस्ताद जुन्या बसच्या सीटवर बसून बशीतला चहा फुंकत होते. जतच्या विजापूर नाक्यावर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान त्यांचंच. पण पाने-पक्कड सिद्रामच्या हाती देऊन ते कधीचे बाजूला बसले होते.

"सगळं?" उस्तादांनी विचारलं.

"सगळं. जुना डायनामो काढून अल्टरनेटर बसवला. त्याचा संशय आला म्हणून तोही बदलला. बॅटरी नवी. पट्टा नवा. लाल वायर तर अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत अख्खी नवी ओढली. अल्टरनेटरवर मीटर लावलं की आकडा बरोबर येतोय, उस्ताद. पुस्तकात लिहावा तसा."

"आणि काटा?"

सिद्राम हात पुसायला फडकं शोधू लागला.

काटा म्हणजे स्टेअरिंगपुढच्या फळीवर असतो तो. उजवीकडं गेला की बॅटरी भरतीय समजायचं, डावीकडं पडला की रिकामी होतीय. ह्या गाडीचा काटा डावीकडं पडला होता, आणि काही केल्या उठत नव्हता.

गाडी जुनी पिकअप. गोल दिव्यांची, फुगीर मडगार्डांची. अशी गाडी आता रस्त्यावर दिसत नाही. मालकीण हौसाक्का कुंभारीण. ती दुकानाच्या दारातच बसली होती, पदर कमरेला खोचून, गाडीकडं तोंड करून. आजाऱ्याच्या खाटेजवळ बसतात, तशी.

आणि रस्त्याच्या पलीकडं बाळाण्णा भंगारवाला उभा होता. त्याच्या टेम्पोला मागं जाडजूड दोर बांधलेला.

"मावशी, किती वेळ बसायचं मी?" त्यानं तिकडूनच हाक दिली. "दिवस कलला. एकदा दोर लावला की तुम्ही पण सुटला आन् गाडी पण सुटली."

"तुला कोण बस म्हणालंय?" हौसाक्का म्हणाली. "उभा ऱ्हा की."

पण तिचा आवाज खाली आला होता.

तिच्या पोरानं, मल्लूनं सकाळीच सांगितलं होतं. आज दिवस मावळायच्या आत गाडी आपल्या पायानं घरी आली, तर ठेवू. न्हाईतर बाळाण्णा नेईल. रोज गल्लीतली माणसं धक्क्याला गोळा करायची, ह्याची त्याला लाज वाटत होती. पोरगा वाईट नव्हता. दमला होता.

"दुसरी गाडी घेऊन देतो म्हणतोय," हौसाक्का उस्तादांना म्हणाली. "नव्या गाडीच्या स्प्रिंगचं पाटं दगडागत. माझं निम्मं माठ बाजारात पोचायच्या आत फुटत्यात. हिच्यात आजवर तडा गेला न्हाई. मऊ चालती, म्हशीगत."

उस्ताद हसले. बशी खाली ठेवली. उठून गाडीपाशी आले.

बोनेटखाली बघून त्यांनी डोळे बारीक केले.

इंजिन चकाकत होतं. सिद्रामनं सगळं खाली उतरवून, धुऊन, घासून त्याला रुपेरी रंग दिला होता. इंजिन रुपेरी, ब्रॅकेट रुपेरी, खालची चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, काळीभोर. नट-बोल्टसुद्धा सोडले नव्हते. नाक्यावरची माणसं मुद्दाम थांबून बघून जायची. फोटो काढायची.

"रंग छान बसलाय," उस्ताद म्हणाले.

"आरसा केलाय, उस्ताद!" सिद्रामचा चेहरा उजळला. "कंपनीतनं निघाली तेव्हा पण अशी नसंल."

"नसंलच."

 मग उस्तादांनी सिद्रामकडं नाही, हौसाक्काकडं मान वळवली.

"आक्का, गाडी काय म्हणती?"

"गाडी काय म्हणणार, उस्ताद... मुकी बिचारी."

"तुमच्यासंगं बोलत असंल की. रोज तुम्ही चालवता."

हौसाक्का जरा घुटमळली. सिद्रामकडं बघितलं तिनं.

"मी ह्याला सांगितलं हुतं," ती म्हणाली. "सकाळी चोक वढून सेल्फ मारला की चटका बसतोय बोटाला. चोकच्या मुठीचा. तर हा हसला."

"अहो आक्का, इंजिन तापलं की सगळंच तापतं," सिद्राम म्हणाला. "उस्ताद, ती चोकची तार मी दोनदा नवी घातली. वरचं प्लास्टिकच वितळतंय. हलका माल येतोय हल्ली."

उस्तादांनी वाकून ती तार बघितली.

चोकची तार म्हणजे पोलादी तार. स्टेअरिंगपाशी मूठ, तिथनं निघून इंजिनापर्यंत जाते. मूठ ओढली की इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं. तिचं काम तेवढंच.

"सिद्राम."

"जी."

"चोक कधी ओढतात?"

"सकाळी. पहिल्यांदा चालू करताना."

"तेव्हा इंजिन कसं असतं?"

"थंड अस..."

सिद्रामचं वाक्य तोंडातच राहिलं.

बाळाण्णा रस्ता ओलांडून जवळ आला. त्यालाही आता ऐकायचं होतं.

"बस आत," उस्ताद म्हणाले. "मूठ धर. सेल्फ मार."

"उस्ताद, बॅटरीत उगं धुगधुगी हाय. आता सेल्फ मारला तर जी काय उरलीय ती पण..."

"मार."

सिद्राम बसला. डाव्या हातानं चोकची मूठ धरली. उजव्या हातानं चावी फिरवली.

कर्र... कर्र... कट्.

"धरून ठेव."

कर्र... कट्. कट्...

"आई गं!"

सिद्रामनं हात झटकला. बोटं तोंडात घातली. तारेवरून धुराची बारीक रेघ वर गेली.



रस्त्यावरनं एक उसाचा ट्रॅक्टर गेला. 

"बॅटरी मेली बघा," बाळाण्णा म्हणाला. दोर सोडायला तो टेम्पोकडं वळला. "मावशी, गाडीतलं गोणपाट तेवढं काढून घ्या."

हौसाक्का उठली नाही.

उस्ताद गाडीला टेकून उभे होते. कुठलीच घाई नाही.

"आक्का, तुम्ही माठ भरून बाजारला जाता."

"जाती की."

"मग तिथंच राहता?"

"तिथं राहून कसं भागंल?" हौसाक्का एकदम बोलली. "माघारी येती की. माघारी आल्याबिगर दुसऱ्या दिवशी काय न्यायचं? भट्टी कोण लावणार, ह्यो बाळाण्णा?"

"आणि माघारी यायचा रस्ताच बंद असला तर?"

"तर मग काय... शेतातनं यायचं. बांधावरनं. काटं तुडवत."

उस्तादांनी सिद्रामकडं बघितलं.

सिद्राम बोटं चोखायची थांबला होता. धूर निघाला त्या पोलादी तारेकडं बघत होता. बघता बघता त्याचा चेहरा बदलत गेला.

"काटं तुडवत..." तो पुटपुटला.

मग उडी मारून खाली उतरला. पोतं टाकलं आणि सरपटत गाडीखाली घुसला.

इंजिन रबरावर बसलेलं असतं. रबरातनं वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून चासीला तांब्याची एक चपटी वेणी जोडलेली असते. निघालेली वीज त्या वेणीवरनं चासीत, आणि चासीतनं बॅटरीकडं माघारी येते. लाल वायर जायची, वेणी यायची. लाल वायर सिद्रामनं टोकापासून टोकापर्यंत तपासली होती, एकदा नाही, कितीदा तरी. वेणीकडं त्यानं बघितलंच नव्हतं. वेणी काय, वेणी असतेच.

गाडीखालनं पान्याचा खडखडाट आला.

"काय दिसतंय?" उस्तादांनी विचारलं.

"वेणी हाय, उस्ताद."

"घट्ट हाय?"

"घट्ट हाय. मीच आवळलीय."

"कशावर?"

गाडीखालनं नटावर नख घासल्याचा आवाज आला.

"सिद्राम, कशावर आवळलीस?"

"रंगावर," गाडीखालनं आवाज आला. बारीक झालेला.

खाली रुपेरी रंगाचा थर. त्यावर वेणीचं टोक. त्यावर नट. नटावर परत रुपेरी हात फिरवलेला. दुसरं टोक चासीवर, तिथं काळा थर. वेणीला कुठंच लोखंड लागत नव्हतं. वीज बिचारी वाट शोधत चोकच्या तारेवरनं येत होती, जमेल तेवढी, जळत जळत.

उस्तादांनी खिशात हात घातला. पॉलिश पेपरचा एक चुरगळलेला तुकडा काढला. वाकून गाडीखाली धरला.

"घे."

सिद्रामचा हात बाहेर आला. पण कागद घेतला नाही त्यानं.

"उस्ताद... तीन हात दिलेत रंगाचे. चरा पडला तर जोड दिसतो. परत तसा बसत नाही."

"घे."

"कडेकडेनं खरवडू? वेणीखाली झाकंल एवढंच..."

उस्ताद वाकलेलेच होते. म्हातारं माणूस, पाठ दुखत असणार. कागद पुढं धरलेला.

हौसाक्का दारातनं म्हणाली, "घे रं बाबा. त्यास्नी कवर वाकवतोस?"

सिद्रामनं कागद घेतला. नट सोडून वेणीचं टोक बाजूला केलं.

खस्स... खस्स... खस्स...

रुपेरी भुगा खाली पडू लागला. आधी हळूहळू, जपून, मन दुखल्यासारखा. मग आवाज वाढला. मग वाढतच गेला. खालनं सिद्रामचा श्वास ऐकू येत होता.

"लोखंड दिसलं का?"

"दिसतंय थोडं."

"थोडं नको."

खस्स, खस्स, खस्स.

बाळाण्णा दोर हातात घेऊन उभा होता. बांधायचा का नाही, हे त्याला कळेना.

"दिसलं!" सिद्राम ओरडला. "पांढरंशुभ्र लोखंड दिसलं, उस्ताद!"

"दुसरं टोक."

दुसरं टोक झालं. वेणीची दोन्ही तोंडं घासून लालबुंद केली. नट आवळले. सिद्राम बाहेर आला तेव्हा त्याचे केस रुपेरी झाले होते. हौसाक्का बघून हसली, "म्हातारा झालास की रं बसल्या बसल्या!"

"बॅटरीत जीव न्हाई, उस्ताद," तो म्हणाला. "पलीकडच्या गाडीची बॅटरी आणू?"

"जीव हाय, वाट न्हवती. आधी विचार तरी हिला."

सिद्राम आत बसला. ह्या वेळी डावा हात मांडीवर ठेवला. चोकच्या मुठीला लावायचं धाडस होईना.

उस्तादांनी मान हलवली. धर, म्हणून.

त्यानं भाजलेल्या बोटांनीच मूठ धरली. डोळे मिटले. चावी फिरवली.

घर्रर्र!

एका झटक्यात. कर्र नाही, कट् नाही. इंजिन असं उठलं की गाडीखालचा रुपेरी भुगा उडाला. बाळाण्णा दचकून मागं सरला.

"मूठ कशी हाय?" उस्तादांनी विचारलं.

"गार!" सिद्राम ओरडला. "गारेगार हाय, उस्ताद! माठाच्या पाण्यागत!"

"काटा?"

सिद्रामनं खाली बघितलं.

काटा थरथरला. मधल्या रेघेवर आला. तिथं क्षणभर थांबला, दारात आलेल्या पाहुण्यासारखा. आणि मग उजवीकडं गेला. चांगला लांबवर गेला आणि तिथंच राहिला.

"आक्का! ओ आक्का, या हिकडं! बघा, बघा!"

हौसाक्का धावत आली. खिडकीतनं आत डोकं घातलं. तिला काट्याचं गणित ठाऊक होतं, रोज बघून. ती बघतच राहिली. मग तिनं हात आत घालून एकेक बटण दाबायला सुरुवात केली. पुढचे दिवे. मागचे दिवे. वायपर. आतला बल्ब. उन्हातसुद्धा ते गोल दिवे पिवळेधमक दिसत होते. काटा जरा मागं आला, पण उजवीकडनं हटला नाही.

शेवटी तिनं हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही.

नाक्यावरची सगळी माणसं बाहेर आली. पानपट्टीवाला, पंक्चरवाला, समोरच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं. सकाळी ह्यांतलेच कितीतरी जण धक्का मारून दमले होते. आता तेच शिट्ट्या वाजवत होते.

"सरक," हौसाक्का सिद्रामला म्हणाली.

सिद्रामनं उतरून बोनेट लावलं. ती आत बसली. पदर घट्ट केला. गाडी काढली, आणि नाक्याला अख्खा वळसा घातला. भर दिवसा दिवे लावून, हॉर्न वाजवत. बाळाण्णाच्या टेम्पोजवळनं जाताना तर मुद्दाम हळू झाली.

"बाळाण्णा, दोर गुंडाळ!" ती खिडकीतनं ओरडली. "आन् रिकाम्या हातानं जाऊ नको. एक माठ घेऊन जा. डोकं गार ऱ्हाईल!"

सगळा नाका हसला. बाळाण्णाही हसला. काय करणार, दोर गुंडाळायला लागला. "मावशी, माठ पक्का भाजलेला द्या हां," तेवढं म्हणाला.

गाडी वळसा घालून माघारी आली आणि दुकानापुढं उभी राहिली. हौसाक्कानं इंजिन बंद केलं. मग मुद्दाम परत चालू केलं. परत बंद, परत चालू. लहान मुलासारखं चाललं होतं तिचं. दर वेळी एका झटक्यात.

"मल्लूला म्हणावं, दारात उभा ऱ्हा," ती म्हणाली. "गाडी आपल्या पायानं येतीय."

ती आपलं गोणपाट आणि पिशवी आणायला दुकानात गेली. दिवस अजून हातभर वर होता.

तेवढ्यात सिद्रामनं घाईनं बोनेट उघडलं. वेणीचं इंजिनाकडचं टोक वरनंही दिसत होतं. एका हातात रुपेरी रंगाचा डबा, दुसऱ्या हातात बारीक ब्रश.

"काय करतोस?" उस्तादांनी विचारलं. ते परत सीटवर जाऊन बसले होते.

"तेवढी जागा, उस्ताद... नटाच्या भोवतीनं फक्त. जाण्याआधी एक हात मारतो."

उस्तादांनी पायानं ग्रीसचा डबा त्याच्याकडं सरकवला. "रंग नको. गंजू नये म्हणून हे लाव."

सिद्रामनं ब्रश खाली ठेवला. बोटावर ग्रीस घेतलं. पण इंजिनाकडं बघत तसाच थांबला.

"एवढ्या रुपेरी इंजिनावर तेवढीच एक जागा खरवडलेली," तो म्हणाला. "लांबनं दिसती, उस्ताद."

उस्तादांनी गार झालेल्या चहाची बशी उचलली.

"दिसू दे," ते म्हणाले. "तेवढीच कामाला आलीय."