नावाची बिदागी

दुष्काळाचं साल होतं. गावोगावच्या जत्रा बंद पडलेल्या, शाहीर सटवाजीचा डफ खुंटीला टांगलेला आणि त्याच्या झीलकऱ्यांच्या घरी चूल पेटायची पंचाईत. अशात निंबोडीच्या जहागीरदारांचं बोलावणं आलं! दसऱ्याच्या दरबारात त्यांना स्वतःवर पोवाडा हवा होता. सटवाजी हरखून धावतच गेला.

"आणि बिदागी, सरकार?"

जहागीरदार अंबाजीराव मिशीला पीळ देत म्हणाले, "अरे, मोठमोठे पाहुणे येणार. सगळ्यांच्या कानांवर तुझं नाव जाईल. हीच तुझी बिदागी!"

सटवाजी मुजरा करून म्हणाला, "कबूल, सरकार!"

दसऱ्याला दरबार खच्चून भरला. डफावर थाप पडली आणि सटवाजीने खडा आवाज लावला. पहिल्या कडव्यात सटवाजीचं शौर्य, दुसऱ्यात सटवाजीचा दानधर्म, तिसऱ्यात सटवाजीची कीर्ती! झीलकरी "जी जी रं जी" करत बेभान झाले. पाहुणे एकमेकांकडे बघून हसू लागले.

अंबाजीराव लालबुंद होऊन ओरडले, "थांब! यात माझं नाव कुठाय?"

"येतंय की, सरकार, शेवटच्या ओळीत! ती जागा पोवाडा रचणाऱ्याच्या नावाची असते. पण मी माझी बिदागी कडव्याकडव्याला घेतली, म्हणून ती जागा आपल्याला सोडली."

दरबारात हशा उसळला. अंबाजीरावांनी निमूटपणे कारभाऱ्याला ज्वारीची पोती काढायला सांगितली.

पोती गाडीत चढलेली पाहिली, तेव्हाच सटवाजीने पुन्हा डफ उचलला. "चला रे, पहिल्यापासून! आता शूर सरकार!"