खालची तळी घरीच राहिली

आमचं घर पाथरवटाचं. माझा बाप भिवा दिवसभर एका जागी बसून मुकाट्यानं दगडावर टाकी चालवायचा. धाकट्या येसाकाकाच्या मात्र पायाला भिंगरी आणि तोंडाची टकळी चालूच. चांगुणा आत्या या दोघांची थोरली बहीण.

खाण देशमुखाची. लेकीच्या लग्नाची हळद दळायला नवं जातं हवं, म्हणून सांगायला तो आला आणि बापाला बघून फणकारला, "एका आईची लेकरं ना तुम्ही? मग हा ठोंब्या कसा? नुसता बसून असतो! उद्यापासून याला खाणीत पाय ठेवू देऊ नका."

आत्या म्हणाली, "जी सरकार."

हळदीच्या दिवशी सवाष्णी जमल्या. आत्या जात्याची नुसती वरची तळी डोक्यावर घेऊन गेली.

"खालची कुठाय गं?" देशमुख ओरडला.

"घरी ठेवली, सरकार. ती फिरत नाही, नुसती बसून असते."

"अगं येडे, ती बसते म्हणून तर वरची दळते!"

"आमचा भिवा बसतो, सरकार, म्हणून तर येसा गावोगाव जाती विकतो."

बायका पदराआड हसल्या. देशमुखाची म्हातारी आई म्हणाली, "बाबा, खालची तळी घेऊन भिवालाच येऊ दे." देशमुखानं होकारार्थी मान हलवली.

बापाचं खाणीतलं काम टिकलं, म्हणून आम्हा लेकरांना भाकरी मिळत राहिली. येसाकाकानं ही गोष्ट दहा गावांत सांगितली. बाप कधी काही बोलला नाही. दर भाऊबीजेला मात्र आत्याच्या पायांवर डोकं ठेवायचा, आणि तिनं उठवल्याशिवाय उठायचा नाही.