प्रधानाच्या छातीवरचा सारस

एका राज्यात काही पिकेना, काही वाढेना. आणि दोष सगळा म्हाताऱ्या प्रधानाचा, धर्मकेतूचा. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे त्याचे पांढरे केस पाहून कुणी विरघळायला नको.

त्या राज्यात माणसाचा हुद्दा छातीवर असे. चौकोनी रेशमी कापड, कोपऱ्यात जरीचा सूर्य, तळाशी लाटा, मधोमध भरतकामाचा पक्षी. नवख्याला लावा पक्षी, वरच्याला हंस, प्रधानाला सारस. बढती झाली की कापड तेच राही. जुना पक्षी उसवायचा, नवा टाचायचा. उसवलेला पक्षी जिवंत होऊन उडून जाई. प्रधान थकला की त्यानं सारस उसवून तळ्याकडे सोडावा, असा नेम होता.

धर्मकेतू थकला, पण सारस सोडीना. उलट त्यानं तो तांब्याच्या तारेनं, कापडातून थेट कातडीत, स्वतःच्या हातानं शिवून घेतला.

सारस म्हणाला, "मी अडलो, तसं सारं अडेल."

अडलं. भाताचे दाणे दुधातच राहिले. वासरं वासरंच राहिली. प्रधानाची लेक पद्मरेखा, दिवस भरून गेले तरी बाळंत होईना. वैद्य म्हणाले, "आता ही जाईल."

तिचा नवरा सुधन्वा, त्याच्या छातीवर लावा. लाव्यानं सांगितलं, "ज्यानं टाका घातला त्यानंच उसवावा. दुसऱ्यानं ओढला तर तार आवळते."

सुधन्वा सासऱ्याकडे गेला. "मामासाहेब, उसवा."

"उसवू की. आधी जादूगाराची कात्री आण."

आणली. जादूगारानं बदल्यात त्याची सावली ठेवून घेतली.

"आता नागाच्या फण्यावरची सुई."

आणली. हात निळा पडला, तो निळाच राहिला.

"आता जळत्या सरोवराचं पाणी, जखम धुवायला."

आणलं. भुवया जळाल्या.

"शाबास. अमावास्या सरू दे, मग मुहूर्त बघू."

लावा म्हणाला, "हे चौथं काम. याला हा मुहूर्त म्हणतो."

तेवढ्यात दासींच्या खांद्यावर भार टाकून पद्मरेखा आली. "बाबा, आत्ता."

"दरबार काय म्हणेल, पद्मे?"

"दरबार अडलेला नाही. मी अडले आहे."

म्हातारा म्हणाला, "बरं. पण सारस गेल्यावर माझ्या छातीवर कोणता पक्षी लावाल?"

लेक डोळ्यांदेखत मरत होती आणि हा हे विचारत होता. तिनं कात्री त्याच्या हातात ठेवली आणि उंबऱ्यातच कोसळली.

तेव्हा कुठे त्यानं उसवला. रक्त आलं, तो ओरडला. सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असा ओरडला. सारस खिडकीतून तळ्याकडे गेला. भात पिवळा झाला. वासरांना शिंगं फुटली. पद्मरेखेला मुलगी झाली. राजानं सुधन्वाला बढती दिली, लावा उडता उडता म्हणाला, "सुटलो बुवा."

धर्मकेतू पुढे पुष्कळ जगला. छातीवर तेच कापड होतं: सूर्य, लाटा, आणि मधे सारसाच्या आकाराची रिकामी जागा. नात त्याच्या मांडीवर कुणी कधी ठेवली नाही.