शिळेवरून उठून गेलेला त्रिकोण

फार फार पूर्वी, राज्यांना अजून नीटशा सीमाही पडल्या नव्हत्या तेव्हा, एका संथ नदीच्या काठी एक गाव होते. गावातली सगळी घरे नदीकडे तोंड करून एका रांगेत बसलेली. धुके नदीतून वर यायचे, घराघरांत डोकावायचे आणि मनात आले की डोंगराकडे निघून जायचे. गावात कुणाला कसली घाई नव्हती. एका गोष्टीत मात्र हे लोक भारी काटेकोर होते. ती गोष्ट म्हणजे घराचा कोपरा.

कोपरा नीट काटकोनात बसला नाही तर भिंती फाकतात आणि छप्पर रुसून बसते, असे ते मानत. म्हणून रीत अशी पडली होती, की नवे घर बांधायचे झाले तर त्याचा पहिला कोपरा शाळेतल्या मोठ्या वर्गातल्या मुलामुलींनी आखायचा. गुरुजींनी तो पाहायचा आणि ‘बसला’ म्हणायचे. मगच पाया खणायचा. गुरुजींनी ‘बसला’ म्हटले नाही, तर त्या घरावर गावातला कुणीही छप्पर चढवत नसे.

आता या गुरुजींविषयी सांगतो. माणूस मनाने निर्मळ, पण शिस्तीचा कडक. भूमितीचे त्यांना वेड होते. जेवताना पानातल्या भाकरीचा मध्य शोधत बसतील आणि भाजी गार करतील, असे वेड. शाळेच्या अंगणात एक मोठी काळी शिळा जमिनीत बसवलेली होती. तिच्यावर कुणा जुन्या कारागिराने एक चौकोन, एक वर्तुळ आणि एक काटकोन त्रिकोण कोरून ठेवला होता. शिळेच्या तीन बाजूंना अंगणाची भिंत, चौथ्या बाजूला मुले. वर्षानुवर्षे मुले त्याच एका बाजूला बसून शिकली. शिळेवर पाय ठेवणे हा मोठा अपमान, त्यामुळे ती ओलांडून पलीकडून कधी कुणी पाहिले नव्हते.

त्या त्रिकोणाची एक बाजू तीन हात, दुसरी चार हात आणि तिसरी पाच हात. गुरुजींजवळ एक दोरी होती. तिचे गाठी मारून बारा सारखे भाग केलेले. दोरीची टोके जोडायची, तीन, चार आणि पाच भागांवर खुंट्या ठोकून ती ताणायची, की तीन आणि चार जिथे भेटतात तिथे आपोआप काटकोन उभा राहतो. मुले हे सारे एका सुरात म्हणत: ‘तीन उभे, चार आडवे, पाच तिरपे.’ जमिनीवर आखताना उभे म्हणजे नदीकडून डोंगराकडे आणि आडवे म्हणजे नदीच्या काठाने, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. गुरुजींना याचा फार अभिमान होता. माझ्या मुलांना काटकोन येत नाही असे म्हणायची कुणाची छाती आहे, असे ते चारचौघांत म्हणत.

मग एके वर्षी नदीने काठ कापला, आणि गावातल्या एका कुंभारणीचे घर पाण्यात गेले. काठावर दुसरी जागा उरली नव्हती. उरला होता डोंगराच्या पायथ्याशी एक पट्टा. एका बाजूला हत्तीएवढा खडक, दुसऱ्या बाजूला जुने हिरड्याचे झाड, आणि मधली ती जागा सपाट खरी, पण नदीला चक्क तिरपी. कुंभारणीला तीच जागा दिली.

कोपरा आखायला सगळा वर्ग तिथे गेला. मुलांनी सुरात म्हणत दोरी ताणली. तीन उभे नेले तर दोरी खडकाला टेकली. चार आडवे नेले तर ती झाडाच्या मुळांत अडकली. इकडून नेले, तिकडून नेले, कोपरा काही मावेना. शेवटी गुरुजींनी घाम पुसला आणि जड मनाने सांगितले, की या जागेत काटकोन होत नाही.

वर्गात एक कोष्ट्याची मुलगी होती. ती खाली बसली, दोरीचे टोक खडकाच्या कडेने लावले आणि तिरक्यात तिरके तीन, चार, पाच मोजून खुंट्या ठोकल्या. मग उठून म्हणाली, “गुरुजी, बसला.”

मुले हसली. गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. “तीन उभे कुठे आहेत यात? चार आडवे कुठे आहेत?”

“मान जरा वाकडी करून बघा ना, गुरुजी. दिसतात.”

“मान वाकडी करून शिकायची विद्या नाही ही,” असे म्हणून गुरुजींनी त्या खुंट्या स्वतःच्या हाताने उपटल्या. हातावरची माती झाडत मुलगी सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

कुंभारीण इतका वेळ खडकाला टेकून बघत होती. ती भांडली नाही. तिने एवढेच सांगितले, की घर होत नसेल तर येत्या पुनवेला ती गाव सोडेल, चार दिवस चालून भावाच्या मुलखात जाईल. “जाईन मी,” ती म्हणाली. “पण गुरुजी, तिकडची माती लाल आहे. माझ्या हातांना ही काळीच कळते. तिकडं मी कुंभारीण राहणार नाही, नुसती कुणाच्या तरी दारातली बाई होईन.”

हे शब्द गुरुजींना लागले. पण नियमाला नियम, असे मनाशी म्हणत ते शाळेत परतले आणि मुलांना घरी सोडून शिळेपाशी बसले. पुनव दोन दिवसांवर होती. दुपारची वेळ. त्या दिवशी धुके डोंगराकडे जायचे विसरले होते, ते अंगणातच रेंगाळत होते. गुरुजींचा डोळा लागला की नाही, हे पुढे त्यांना स्वतःलाही कधी सांगता आले नाही. मीही त्यात पडत नाही.

त्यांनी शिळेकडे पाहिले, तर त्रिकोण जागेवर नव्हता.

चौकोन होता, वर्तुळ होते, आणि मधला दगड कधी टाकीचा घावही न लागल्यासारखा गुळगुळीत. गुरुजींनी हात फिरवून पाहिला. चौकोनाला विचारले, तर त्याने चारही कोपरे ताणून आळस दिला आणि सांगितले, की तो बसून बसून कंटाळला होता, आताच उठून गेला. वर्तुळाने मात्र अंग झटकले. कोण कुठून बघतो याचे त्याला काही नव्हते, ते कुठूनही तसेच दिसायचे.

गुरुजी दोरी खांद्यावर टाकून धुक्यात बाहेर पडले. सगळे मऊ मऊ झाले होते. पायाखालची वाट होती, पण तिचा आवाज येत नव्हता. एका घराला लावलेल्या शिडीजवळून ते गेले. शिडी, भिंत आणि जमीन यांच्या मधल्या जागेत काहीतरी हलल्यासारखे वाटले, पण गुरुजींनी दुसऱ्यांदा वळून पाहिले नाही. पुढे नदीवर एक होडी होती. तिच्या शिडाकडेही त्यांनी नुसती नजर टाकली. उथळ पाण्यात एक बगळा एका पायावर उभा होता. गुरुजींनी त्याला हाक मारली आणि विचारले, इथून एक काटकोन त्रिकोण गेला का. खूण अशी, की तीन उभे, चार आडवे.

बगळ्याने बराच विचार केला. “उभं-आडवं कुणी गेलं नाही,” तो म्हणाला. “एक जण मात्र लोळत लोळत डोंगराकडे गेला. मजेत होता.”

माझा त्रिकोण लोळेल कशाला, असे गुरुजींना वाटले. तरी ते डोंगराकडे चालू लागले. धुक्यातून खडक दिसला, हिरड्याचे झाड दिसले. मधल्या गवतात कुणीतरी हात डोक्याखाली घेऊन पसरले होते. गुरुजी त्याच्या बाजूने पुढे निघून गेले.

“गुरुजी,” मागून आवाज आला, “आज तिसऱ्यांदा तुम्ही मला ओलांडून गेलात.”

गुरुजी वळले. गवतात त्रिकोण पडला होता. पाच हातांची लांब बाजू जमिनीला टेकलेली आणि काटकोन वर आभाळाकडे केलेला. गुरुजी म्हणाले, की तू तो नव्हेस, माझा त्रिकोण असा नसतो.

“शिडीखाली मी होतो. शिडात मी होतो. तीस वर्षं तुम्ही रोज मला बघताय, आणि मी जरा कुशीवर वळलो तर ओळख नाही?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, थोडे वाईट वाटल्यासारखे मात्र होते. “मोजा मला.”

गुरुजींनी दोरी काढली. एक बाजू मोजली, तीन. दुसरी मोजली, चार. तिसरी, पाच. तीन त्रिक नऊ आणि चार चोक सोळा, त्यांची बेरीज पंचवीस, आणि पाच पंचे पंचवीसच. त्यांनी पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजले. हिशोब कुठे हलेना.

“उभं आणि आडवं हे तुमचं, गुरुजी,” त्रिकोण हळूच म्हणाला. “माझं फक्त तीन, चार आणि पाच. नऊ आणि सोळा मिळून पंचवीस होतात, मग मी नदीकडे बघत असो की डोंगराकडे. तुम्ही मुलांना मला शिकवलंच नाहीत. मी कुठल्या बाजूला बसतो, तेवढंच शिकवलंत.”

असे म्हणून तो उठला, खडकाजवळ गेला आणि त्याच्या कडेला अंग लावून पुन्हा आडवा झाला. आता काटकोन खाली आला होता. कोष्ट्याच्या मुलीने ठोकलेल्या खुंट्यांची भोके अजून मातीत तशीच होती. त्रिकोणाचे तीन शिरोबिंदू त्या तीन भोकांवर टेकले. एका केसाचाही फरक नव्हता.

गुरुजी त्या कोपऱ्याभोवती एक चक्कर चालले. खडकाकडून पाहिले, झाडाकडून पाहिले, नदीकडून पाहिले. शेवटी गवतावर बसले आणि चांगली मान वाकडी करून पाहिले. मग मात्र त्यांना रडू आले. कुंभारणीसाठी आलेच, पण त्याहून जास्त त्या मुलीसाठी आले. ती बरोबर होती आणि तिच्या खुंट्या त्यांनी उपटल्या होत्या. अशा आणखी किती जणांच्या उपटल्या असतील, ते त्यांना आठवेना, आणि आठवत नाही याचीच त्यांना लाज वाटली.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि त्रिकोणाला परत चल म्हणून विनवले. तो नाही म्हणाला. शिळेवर गेलो की तुम्ही पुन्हा एकाच बाजूला बसाल, असे त्याचे म्हणणे. “मुलांना सांगा, मी बाहेरच आहे. दोरी घेऊन या, जिथे शोधाल तिथे भेटेन.” एवढे बोलून तो धुक्यात मिसळून गेला, आणि धुकेही डोंगरावर चढून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी सगळ्या वर्गाला घेऊन त्या पट्ट्यावर गेले. गावही मागे आले. कुंभारीण आपले चाक दोरीने बांधत होती, तिलाही बोलावून आणले. गुरुजींनी दोरी कोष्ट्याच्या मुलीच्या हातात दिली.

“पोरी, काल तू बरोबर होतीस,” ते सर्वांदेखत म्हणाले. “चूक माझी होती. आख तुझा कोपरा.”

मुलीने दोरी खडकाच्या कडेने लावली. मग तिने खुंट्या ठोकल्या. गुरुजींनी लगेच ‘बसला’ म्हटले नाही. त्यांनी एकेका मुलाला बोलावले, गाठी मोजायला लावल्या आणि कोपऱ्याभोवती फिरून यायला सांगितले. पहिल्या काही मुलांनी सवयीने ‘तीन उभे’ म्हणायला तोंड उघडले आणि ती मधेच थांबली. मग कुणी वाकून पाहू लागले, कुणी गवतावर आडवे झाले. हळूहळू एकेकाच्या चेहऱ्यावर उजाडत गेले. आजवर पाठ होते ते आज त्यांना समजत होते. शेवटी सगळा वर्ग मिळून म्हणाला, की बसला. त्या दिवसापासून हा शब्द गुरुजींनी एकट्याने कधीच उच्चारला नाही.

पुनवेच्या चंद्राखाली कुंभारणीच्या घराचा पाया भरला गेला. थंडी पडायच्या आत छप्पर चढले. तिच्या भट्टीतून पहिली मडकी निघाली, तीही काळ्याच मातीची.

शाळेच्या शिळेवर त्रिकोणाची जागा रिकामीच राहिली. गुरुजींनी अंगणाच्या भिंती पाडल्या, नदीची ओली वाळू आणून पसरली, आणि मुले तिच्याभोवती गोल बसू लागली. रोज एकजण तिथे त्रिकोण काढायचा, कालच्यापेक्षा वेगळ्या तोंडाचा. बाकीच्यांनी तो आपापल्या बाजूने ओळखायचा, आणि पटेपर्यंत मोजायचा. ‘उभे’ आणि ‘आडवे’ हे शब्द त्यांच्या सुरातून आपोआप गळून गेले.

खूप वर्षांनी एक वाटसरू त्या गावात आला. नदीकाठची सरळ रांग त्याला आवडली, पण डोंगराखालचे ते एक घर त्याच्या डोळ्यांत खुपले. वाटेवर खेळणाऱ्या मुलांना त्याने विचारले, की हे एवढे एकच घर असे वाकडे का बांधले आहे?

मुलांनी त्याच्याकडे थोडे नवलाने पाहिले. मग एक मुलगी म्हणाली, “घर सरळच आहे, काका. तुम्ही इकडं या आणि इथून बघा.”

याचे तात्पर्य एवढेच: एकाच बाजूने पाहिलेले नुसते पाठ होते, चहूबाजूंनी पाहिलेलेच कळते.